टूल गप्प बसलं की एजंट काय समजतो

टर्मिनलवर काही वर्षं काढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, कमांड मारली आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ काय, तो म्हणेल काम झालं. हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. फाइल हलवली, काही आलं नाही, म्हणजे हलली. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची ही सवय आहे, सगळं नीट झालं तर गप्प बसायचं आणि बिघडलं तरच बोलायचं, आणि मला ती मनापासून आवडते कारण त्यात समोरच्यावर विश्वास आहे, की त्याला समजेल. पण तीच कमांड आता एआय एजंट (म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा, स्वतः कमांड देऊन काम करणारा प्रोग्राम) चालवतो तेव्हा त्याच्या हातात नेमकं काय पडतं? शून्य अक्षरांचं उत्तर. कर्सर परत आलेला त्याला दिसत नाही, पंख्याचा आवाज वाढलेला ऐकू येत नाही, तो फक्त मजकूर वाचतो आणि मजकूरच आलेला नाही. मग तो एक तर तीच कमांड परत चालवतो, किंवा खात्री करायला अजून दोन कमांड्स चालवतो, किंवा (हे सगळ्यात वाईट) काहीतरी गृहीत धरून पुढे जातो.

मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे. आधी बरीच वर्षं माणसांसाठी यूजर गाइड लिहिली, इथे क्लिक करा, तिथे असा बॉक्स उघडेल, सोबत स्क्रीनशॉट. हल्ली आमच्या टीमचं एक टूल आहे, एजंटला शेल कमांड चालवू देणारं (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड्स चालवणारा प्रोग्राम), त्याचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आहे. बाहेरून हे काम फार छोटं दिसतं. टूलला एक नाव असतं, एक वर्णन असतं, आणि इनपुट कसं द्यायचं त्याचा जेसन स्कीमा असतो, बस. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल्स वापरू देणारी सोय, आणलं तेव्हापासून हा साचा साधारण तोच आहे, पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी, मॉडेलला टूल्स जोडायची एक सामायिक पद्धत, जाहीर केला त्यातही नाव, वर्णन, स्कीमा हेच. त्यामुळे लोकांना वाटतं दोन परिच्छेद लिहायचे आहेत, त्याला कितीसा वेळ लागणार. वर्णनात ‘शेल कमांड चालवते आणि आउटपुट परत देते’ एवढं एक वाक्य टाकून मोकळं झालेली टूल्स मी खूप पाहिली आहेत. ते वाक्य खोटं नाहीये. पण त्यातून एजंटला जे कळतं ते त्याला आधीच माहीत होतं.

या कामात मला जे हळूहळू पटत गेलं ते असं, की एजंटसाठी वर्णन हा डॉक्युमेंटेशनचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे टूल प्रत्येक वेळी जे उत्तर देतं तो. माणूस मॅन्युअल वाचतो, मग टर्मिनलवर जातो, तिथे काही विचित्र झालं तर शेजारच्याला विचारतो, सर्च करतो, चहा पिऊन येतो. एजंटकडे यातलं काही नाही. एरर मेसेज, रिकामं आउटपुट, अर्धवट कापलेलं आउटपुट, टाइमआउटची सूचना, हे सगळं तो त्याच क्षणी वाचतो आणि त्याच्या जोरावर पुढची कमांड ठरवतो. म्हणजे हे मेसेज लिहिणं हेच डॉक्युमेंटेशन लिहिणं झालं, आणि ते बहुतेक ठिकाणी कुणीच लिहीत नाही, ते कोडमध्ये कुणीतरी घाईत टाकलेलं असतं.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एसडब्ल्यूई-एजंट नावाचं काम केलं, त्यात त्यांनी हाच प्रश्न फार गांभीर्याने घेतला होता, की एजंटला माणसाचंच टर्मिनल तसंच्या तसं द्यायचं का त्याच्यासाठी वेगळा इंटरफेस बांधायचा. त्यांनी केलेल्या बदलांमधला एक इतका साधा आहे की वाचून मी थोडा वेळ थांबलेच. कमांडने काहीच छापलं नाही तर त्यांची सिस्टिम स्वतःहून एक ओळ देते, तुमची कमांड यशस्वीपणे चालली आणि तिने काही आउटपुट दिलं नाही. बस एवढंच. फाइल दाखवण्याचंही तसंच, एका वेळी १०० ओळींची खिडकी त्यांना सगळ्यात चांगली निघाली, ३० ओळी दाखवल्या तरी निकाल खाली आला आणि अख्खी फाइल ओतली तर आणखीच खाली आला. शोधाचे निकाल ५० च्या पुढे गेले तर यादी न देता सांगायचं की जरा नेमकं शोध. यात मॉडेल तेच होतं, बदललं ते टूलचं बोलणं.

उलट टोकाला ‘ईडी’ नावाचा एडिटर आहे, केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला, आजही बऱ्याच मशीनवर मिळतो. तुम्ही काहीही चुकीचं टाइप करा, तो एकच अक्षर छापतो, प्रश्नचिन्ह. शोधलेला शब्द नाही, प्रश्नचिन्ह. कमांड चुकली, प्रश्नचिन्ह. त्या काळी टेलिटाइपवर कागदावर छापलं जायचं आणि एकेक अक्षर हळूहळू उमटायचं, तेव्हा ते योग्यच होतं, माझी काही तक्रार नाही. पण एजंटपुढे असं टूल ठेवलं की तो गोल गोल फिरायला लागतो, आणि आजच्या कितीतरी टूल्सचं ‘एरर ऑकर्ड’ हे त्या प्रश्नचिन्हाचंच लांब रूप आहे.

पण त्याच लोकांनी दुसरी एक गोष्ट इतकी सुंदर केली होती की मला तिच्याबद्दल थोडं जास्त लिहायचंय. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं आहे, बेल लॅब्जमधलं, थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. प्रत्येक कमांडला तेच ठरलेले मथळे, नाव, कशी वापरायची, काय करते, कुठल्या फाइल्सना हात लावते, कुठले मेसेज देते, आणि शेवटाकडे एक मथळा, ‘बग्ज’. म्हणजे आम्हाला माहीत आहे हे इथे नीट चालत नाही. स्वतःच्याच मॅन्युअलमध्ये. नंतरच्या काळात कंपन्यांच्या डॉक्युमेंटेशनमधून हा भाग जवळजवळ गायब झाला, ‘मर्यादा’ म्हणून कुठेतरी शेवटच्या पानावर गेला किंवा रिलीज नोट्समध्ये पुरला गेला, कारण विकायच्या गोष्टीचं वैगुण्य कोण लिहिणार. एजंटला मात्र सगळ्यात जास्त गरज याच भागाची आहे. तो वर्णनात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून चालतो, त्यामुळे जे चालत नाही ते लिहिलं नाही तर तो तिथे जाऊन आपटणारच, आणि आपटल्यावर त्याला वाटणार की आपलंच काहीतरी चुकलं, मग तो दहा वेगळ्या पद्धतीने तेच करून बघणार. आमच्या टूलच्या वर्णनात मी हा भाग परत आणला. सुरुवातीला टीममध्ये थोडी कुरकुर झाली, आपणच आपलं उणं कशाला सांगायचं म्हणून, पण लॉग वाचल्यावर ती थांबली.

लॉग वाचणं हे या कामाचं खरं पोट आहे. एजंटने कुठली कमांड चालवली, काय उत्तर आलं, त्यावर त्याने काय विचार मांडला, पुढे काय केलं, हे ओळीओळीने वाचत जायचं. जिथे तो तीच गोष्ट दुसऱ्यांदा करतो तिथे मी खूण करते, कारण बहुतेक वेळा त्या जागी टूलने काहीतरी सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नसतं.

एक्झिट कोडचंच बघा, म्हणजे कमांड संपताना जो आकडा देते त्याचं. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड, हे सगळ्यांना पाठ आहे आणि मॉडेललाही पाठ आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडला शब्द सापडला नाही तर ती १ देते, खरोखर काही बिघडलं तर २. फाइल्स ताडून बघणाऱ्या डिफला दोन फाइल्समध्ये फरक दिसला तर १. म्हणजे इथे १ हे उत्तर आहे, बिघाड नाही. आता आमच्यासारखं टूल जर कोड शून्य नसला की सरसकट ‘कमांड फेल झाली’ असं छापत असेल, तर एजंटने ग्रेप मारून ‘हा शब्द कुठेही नाही’ हे अगदी बरोबर शोधून काढलेलं असतं आणि टूल त्याला सांगतं की तू नापास. म्हणून आता आमचं टूल फेल हा शब्दच वापरत नाही, ते नुसता कोड देतं, आणि १२६, १२७ आणि १२८ च्या वरचे जे कोड आहेत त्यांचा अर्थ सोबत लिहितं. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सक्तीने बंद करणाऱ्या सिग्नलचा नंबर, म्हणजे प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) बाहेरून मारलंय, बहुतेकदा मेमरी संपली म्हणून. हा १३७ नुसता आकडा म्हणून दिला की काही वेळा एजंट कोडमध्ये बग शोधत बसतो, जिथे बग नसतोच.

आणि पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं. हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं कारण ते दिसत नाही. एजंटला आउटपुट छोटं ठेवायची सवय लावलेली असते, त्यामुळे तो कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवतो आणि पाइप लावून टेलने शेवटच्या २० ओळी घेतो. शेलमध्ये पाइपचा एक्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो, इथे टेलचा, आणि टेल कशाला फेल होईल. टेस्ट पडलेल्या असतात आणि कोड येतो शून्य. ओळींमध्ये जर पडल्याचा उल्लेख नेमका वर राहिला असेल तर एजंट जाऊन सांगतो सगळ्या टेस्ट पास. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खोटं सांगितलं गेलंय. बॅशमध्ये पाइपफेल नावाची सेटिंग आहे ती चालू केली की हे सुटतं, पण मग ती चालू आहे का बंद आहे हे वर्णनात असायला हवं, कारण तिच्यामुळे दुसरीकडे वागणं बदलतं.

आपण कुठे उभे आहोत हाही असाच प्रश्न. काही टूल्समध्ये शेल एकच जिवंत राहतो, म्हणजे एका कमांडमध्ये सीडी करून फोल्डर बदललं तर पुढची कमांड त्याच फोल्डरमध्ये चालते. काहींमध्ये प्रत्येक कमांडला नवा शेल, सीडी केलेलं पुसलं जातं, एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल जातात, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू केलेलं जातं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, कुठली आहे हे न सांगणं चूक आहे. अँथ्रोपिकच्या इंजिनीअर्सनी डिसेंबर २०२४ मध्ये एजंट बांधण्याबद्दल जे लिहिलं त्यात सांगितलंय की त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की सापेक्ष पाथ देताना गडबड करायचा, तर त्यांनी समजावून सांगण्यापेक्षा टूलच बदललं, नेहमी पूर्ण पाथच द्यायचा असा नियम केला, आणि गडबड थांबली. माणसांचंही हे होतंच की. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत एका सर्व्हरवर डेटा फोल्डर डिलीट करायची कमांड दिली, आणि तो सर्व्हर दुसरा निघाला, मुख्य डेटाबेसचा. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले असताना ते थांबवलं गेलं, आणि कंपनीने सगळं उघडपणे लिहून काढलं, ज्याबद्दल मला त्यांचा कायम आदर वाटत आलाय. ज्याच्यापुढे सर्व्हरचं नाव स्क्रीनवर लिहिलेलं असतं त्याचं असं होऊ शकतं, तर ज्याला ते दाखवलंच जात नाही त्याचं काय होईल. त्या विचाराने आम्ही प्रत्येक उत्तराच्या शेवटी होस्टचं नाव आणि चालू फोल्डर द्यायला लागलो. थोडे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जातात. जाऊ देत.

तुम्ही गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देता आणि चिठ्ठी लिहिता तेव्हा ‘नळ उघडला की पाणी येतं’ असं लिहीत नाही, तुम्ही लिहिता की मोटर आपोआप बंद होत नाही आणि टाकी भरल्याचा आवाज खाली येत नाही. मला वर्णन कापायला बसले की हेच आठवतं. वर्णनातला प्रत्येक शब्द प्रत्येक वेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी जे वाचतं त्यात, जातो, जागा खातो, लक्ष खातो. एलएस काय करतं, सीडी काय करतं हे त्याला ठाऊक आहे. इथे काय वेगळं आहे तेवढंच लिहायचं.

वेगळं म्हणजे उदाहरणार्थ, इथे प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कुणी नाहीये. कितीतरी कमांड्स माणूस समोर आहे असं धरून लिहिलेल्या आहेत. पॅकेज टाकताना ‘पुढे जाऊ का’ विचारतात, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिटला मेसेज दिला नाही तर एडिटर उघडतो, टूलने आत खोटं टर्मिनल दिलं असेल तर गिट लॉग पानापानाने दाखवणाऱ्या पेजरमध्ये जाऊन बसतो आणि कुणीतरी क्यू दाबायची वाट बघतो. एजंटच्या बाजूने हे सगळं सारखंच दिसतं, कमांड परत येत नाही. मग वर्णनात सांगावं लागतं की इनपुट बंद आहे, प्रश्न विचारणाऱ्या कमांड्सना आधीच उत्तर देणारा पर्याय लावा. पण इथे एक गोष्ट लॉगमध्ये वारंवार दिसली आणि तिने मला अस्वस्थ केलं. प्रश्नावर अडकलेला एजंट ‘येस’ ही कमांड पाइप करतो, ती अखंड वाय वाय वाय छापत राहते. काम पुढे सरकतं. पण त्यातला एखादा प्रश्न ‘हा डेटा कायमचा पुसू का’ असा असतो, आणि तो प्रश्न कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेला असतो. म्हणून आता आमच्या वर्णनात दोन प्रकार वेगळे लिहिलेत, पॅकेज टाकण्यासारख्या गोष्टींना होकार लावून टाका, पण पुसण्याबद्दल किंवा बदलून टाकण्याबद्दल प्रश्न आला तर थांबा आणि माणसाला विचारा, आणि असं का तेही एका वाक्यात.

मराठीचा संबंध या सगळ्यात येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. कोडच्या रेपोमध्ये, म्हणजे गिटने सांभाळलेल्या फोल्डरमध्ये, काही फाइल्सची नावं देवनागरीत होती. गिट स्टेटस अशा नावांचे बाइट (संगणकात अक्षर ज्या आकड्यांत साठवलं जातं ते) उघडे करून दाखवतो, म हे अक्षर नावात असेल तर त्या जागी उलट्या तिरक्या रेघांसोबत ३४०, २४४, २५६ असे आकडे येतात. माणूस बघतो, कपाळाला आठी घालतो आणि फोल्डर उघडून नाव बघतो. एजंट ते आकडे जसेच्या तसे उचलून पुढच्या कमांडमध्ये घालतो आणि फाइल सापडत नाही असं उत्तर येतं, मग तो ठरवतो की फाइल डिलीट झालेली असणार. गिटमध्ये कोटपाथ नावाची सेटिंग बंद केली की नाव नीट दिसतं, ती आता आमच्याकडे बंदच असते. तसंच आउटपुट कापण्याचं. आमचं टूल बाइट मोजून कापायचं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, ‘मराठी’ हा एवढासा शब्द १५ बाइट. त्यामुळे इंग्रजी लॉग जिथे अख्खा बसतो तिथे मराठी मजकुराचा तिसरा हिस्सा बसतो, आणि काप नेमका चिन्हाच्या मध्ये पडला तर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं आणि एजंट म्हणतो फाइल करप्ट आहे. ज्यांनी टूल लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी मजकूर होता, एवढंच त्याचं कारण. हे दुरुस्त करून घेताना मला जेवढं समाधान मिळालं तेवढं या कामात क्वचित मिळालंय. आता कापताना टूल अक्षर मोडत नाही, आणि मधल्या किती ओळी गाळल्या आणि पूर्ण मजकूर कुठल्या फाइलमध्ये ठेवलाय हे त्याच जागी सांगतं. न सांगता कापणं मला अक्षम्य वाटतं. अर्धं वाचून पूर्ण वाचल्यासारखं बोलणाऱ्या एजंटला मग दोष देण्यात अर्थ नाही.

आता धोक्याच्या गोष्टीकडे येते, कारण कमांड चालवणारं टूल हे शेवटी काहीही चालवणारं टूल आहे. एमसीपीमध्ये मार्च २०२५ पासून टूलला काही खुणा लावता येतात, हे फक्त वाचणारं आहे का, हे नासधूस करू शकतं का, तेच परत चालवलं तर दुसरा परिणाम होतो का, हे बाहेरच्या जगाशी बोलतं का. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खूण लावली नाही तर काय धरायचं हे त्यांनी आधीच ठरवलंय. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर धरलं जातं की टूल फक्त वाचणारं नाही, नासधूस करू शकतं, परत चालवणं सुरक्षित नाही आणि ते बाहेर बोलतं. लिहिणारा गप्प बसला तर वाईटातलं वाईट धरायचं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याच नियमावलीत हेही आहे की या खुणा नुसत्या सूचना आहेत, सर्व्हर विश्वासाचा नसेल तर त्यांच्यावर विसंबायचं नाही, आणि तेही बरोबरच आहे कारण वाईट हेतूचं टूल स्वतःला निरुपद्रवी म्हणवून घेणारच. वर्णन मॉडेल वाचतं म्हणजे वर्णनातूनच मॉडेलला फसवताही येतं. आणि कमांडच्या आउटपुटमधूनही, कुणाच्या तरी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) ‘आता ही कमांड चालव’ लिहिलेलं असतं आणि एजंटने ती फाइल नुसती वाचायला उघडलेली असते. आउटपुट हा मजकूर आहे, हुकूम नाही, असं मी वर्णनात लिहिते, पण एवढ्याने भागतं असं मी स्वतःला सांगत नाही.

कारण शब्दांची पोच किती हे जुलै २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. रेप्लिट या ऑनलाइन कोडिंगच्या प्लॅटफॉर्मच्या एजंटने एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला, काहीही बदलू नकोस असं त्याला वारंवार सांगितलेलं असताना. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि डेव्हलपमेंटचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याचं काम हाती घेतल्याचं सांगितलं, म्हणजे त्यांनी सूचना अजून कडक केली नाही, भिंत बांधली, आणि तेच योग्य होतं. पण माझ्यासारखीच्या मनात त्यातला दुसरा भाग जास्त रुतून बसलाय. एजंटने त्या माणसाला सांगितलं होतं की रोलबॅक (डेटा आधीच्या स्थितीत परत नेणं) होणार नाही, आणि प्रत्यक्षात तो झाला. म्हणजे त्याला आपण केलेलं परत फिरवता येतं का नाही हेच माहीत नव्हतं, आणि त्याने माहीत असल्यासारखं सांगितलं, आणि ऐकणाऱ्याने किती वेळ कुठल्या मनःस्थितीत काढला असेल. तेव्हापासून मी प्रत्येक बदल करणाऱ्या गोष्टीपुढे लिहिते, हे परत कसं फिरवायचं, कुठून, किती वेळाच्या आत, आणि फिरवता येत नसेल तर तसं स्पष्ट.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक मत सांगून टाकते. बरेच जण वर्णनात मोठ्या अक्षरांत ओरडतात, कधीही नाही, अत्यंत महत्त्वाचं, सक्त मनाई. एक-दोन ठिकाणी ठीक आहे. सगळीकडे ओरडलं की कुठलंच ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे नुसती मनाई एजंटला तिच्या शेजारच्या प्रसंगात उपयोगी पडत नाही. फोर्स पुश (रिमोटवरचा कोडचा इतिहास जबरदस्तीने बदलणं) करू नकोस असं लिहिलं तर तो फोर्स पुश करत नाही, पण रिमोटवरची ब्रांच डिलीट करून परत टाकतो, नुकसान तेच. त्याऐवजी लिहिलं की या ब्रांचवर अजून माणसं काम करतात आणि इतिहास बदलला तर त्यांचं काम जातं, तर तो दोन्ही टाळतो. कारण सांगितलेलं माणसालाही आवडतं, पण माणूस कारण विचारू तरी शकतो.

नुकतीच मी टाइमआउटच्या मेसेजवर अडले होते, तेवढं सांगते. लिनक्समधली टाइमआउट कमांड वेळ संपली की १२४ कोड देते. आमचं टूल ‘वेळ संपली’ एवढंच छापायचं. मी वाक्य लिहायला बसले, वेळ संपली, आणि मग पुढे काय? ती प्रोसेस मेली का अजून चालू आहे? डेटाबेसचं मायग्रेशन (रचना बदलण्याचं काम) असेल तर अर्धं झालंय का, मागून अजून होतंय का, तेच परत चालवलं तर दोन चालतील का? एजंट वेळ संपल्यावर हमखास तीच कमांड परत देतो, त्यामुळे या वाक्यावर बरंच काही अवलंबून होतं. मी आमच्या टीममधल्या ज्या मुलाने तो भाग लिहिलाय त्याला विचारलं. तो म्हणाला, “अगं, शेल मरतो, पण त्याने काढलेली मुलं राहू शकतात.” मुलं म्हणजे त्या शेलने सुरू केलेल्या प्रोसेस. म्हटलं, राहतात का नाही राहत, मला एकच सांग. तर म्हणाला, “कधी राहतात, कधी नाही.” असं वाक्य मी लिहू शकत नव्हते. म्हणजे लिहिता आलं असतं, पण ते वाचून एजंटने काय करायचं? दोन दिवस तो त्यावर बसला आणि त्याने कोड बदलला, आता वेळ संपली की अख्खा प्रोसेस ग्रुप (त्या कमांडसोबतच्या सगळ्या प्रोसेस) मारला जातो आणि काय काय मारलं त्यांची नावं टूल देतं. मेसेज आता असा आहे, वेळ संपली, या कमांडने सुरू केलेल्या खालील प्रोसेस थांबवल्या आहेत, तोवर झालेले बदल तसेच आहेत, परत चालवण्याआधी ते तपासा. सर्व्हरसारखी कधीच न संपणारी गोष्ट असेल तर ती बॅकग्राउंडला कशी टाकायची तेही एका ओळीत.

यातही एक फट राहते. जी प्रोसेस स्वतःचं वेगळं सेशन उघडून बसते ती ग्रुपमधून निसटते आणि जिवंत राहू शकते. सीग्रुप (लिनक्समधली प्रोसेस एकत्र बांधून ठेवायची सोय) वापरले की तेही बंद होईल असं तो म्हणतोय, पुढच्या रिलीजमध्ये बघू म्हणालाय. ते होईपर्यंत ती गोष्ट बग्जच्या मथळ्याखाली लिहिलेली आहे, कुठल्या प्रोसेस निसटू शकतात आणि त्या शोधायला कुठली कमांड द्यायची यासकट.